मोठे गूढ शब्दकोडे: सोडवावे कसे आणि उकल लिहावी कशी

साध्या शब्दकोड्यातील सूत्र उत्तराचा अर्थ सांगते आणि थांबते. गूढ शब्दकोड्यातील शोधसूत्र तेच उत्तर दोनदा सांगते, एकदा अर्थाने आणि एकदा अक्षरांच्या खेळाने. हे दोन्ही मार्ग एका साध्या दिसणाऱ्या वाक्यात इतके बेमालूम मिसळलेले असतात की वाचणाऱ्याला त्यांची सांधेजोड प्रथम दिसतच नाही. त्यामुळे येथे उत्तर सुचणे आणि उत्तर सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. सूत्रातील प्रत्येक शब्दाचा हिशेब लागला तरच उत्तर पक्के मानावे, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. त्यातूनच दुसरी गोष्ट निघते: उकल लिहिणे हे कोडे सुटल्यानंतर सवडीने करण्याचे काम नाही, मोठी चौकट भरताना ते पहिल्या उत्तरापासून सोबत चालले पाहिजे.

या कोड्यांचा उगम इंग्रजी वृत्तपत्रांत आहे. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले, तेव्हा त्यातील सूत्रे सरळ अर्थाची होती. गूढ सूत्रांचे वळण ब्रिटनमध्ये पडले. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉविस मॅथर्स यांनी १९२६पासून ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचली. १९३९मध्ये त्यांच्या निधनानंतर ती जागा डी. एस. मॅकनट यांनी घेतली आणि ते ‘झिमेनीझ’ या नावाने ओळखले जाऊ लागले. सूत्रात अचूक व्याख्या असावी, न्याय्य शब्दखेळ असावा आणि या दोहोंखेरीज काहीही नसावे, ही शिस्त त्यांच्या परंपरेने रुजवली. १९७२मध्ये त्यांची गादी हाती घेणाऱ्या जोनाथन क्राउदर यांनी स्पॅनिश धर्मन्यायाधीश डेझा याच्या नावाची इंग्रजी अक्षरे उलटी लिहून ‘अझेड’ हे टोपणनाव घेतले. आपल्याकडे ‘द हिंदू’ने १९७१पासून असे इंग्रजी कोडे नियमित छापले आणि अनेक मराठी वाचकांना या छंदाची गोडी त्यातून लागली. मराठीत गूढ कोडे रचताना मात्र इंग्रजीतील युक्त्या जशाच्या तशा चालत नाहीत, कारण आपल्या चौकटीतील घरात एकटे व्यंजन न बसता मात्रेसह पूर्ण अक्षर बसते. पुढील सर्व उदाहरणे त्यासाठी मराठीतच रचलेली आहेत.

आधी चौकट आणि तिचे नियम

मोठे कोडे हाती घेतल्यावर पहिले सूत्र वाचण्याआधी रचनाकाराने दिलेली टीप वाचावी. ‘स्त’ किंवा ‘ष्ट्र’ यांसारखे जोडाक्षर एका घरात धरले आहे ना, आडव्या आणि उभ्या शब्दाच्या सामाईक घरात ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद पाळला आहे की नाही, अनुस्वार वेगळा मानला आहे का, हे तीन प्रश्न सर्वांत महत्त्वाचे आहेत. काही रचनाकार ‘कि’ आणि ‘की’ यांना सामाईक घरात एकच मानतात. तशी सूट जाहीर केलेली नसेल तर ती नाही असे समजावे. कंसातील आकडा घरांची संख्या सांगतो आणि स्वल्पविरामाने तोडलेले आकडे शब्दांच्या सीमा दाखवतात. म्हणजे (२,२,२) हा आकडा ‘अति तेथे माती’ला बसतो आणि (३,३,३,३) हा ‘नाचता येईना अंगण वाकडे’ला बसतो. मोठ्या मराठी चौकटीत लांब जागा सहसा म्हणी, वाक्प्रचार आणि सामासिक शब्द यांनीच भरलेल्या असतात, कारण आपले सुटे शब्द अक्षरसंख्येने आखूड असतात.

चौकटीच्या दोन प्रती काढाव्यात. एकीवर पेन्सिलीने तर्क लिहावेत आणि दुसरीवर फक्त सिद्ध झालेली उत्तरे शाईने उतरवावीत. शेजारी उकलीसाठी वही ठेवावी. लहान कोड्यात ही तयारी अनावश्यक वाटेल, परंतु पन्नास-साठ सूत्रांच्या चौकटीत कोणते अक्षर खात्रीचे आणि कोणते अंदाजाने लिहिलेले, हे तासाभराने आठवत नाही.

सूत्राचे दोन भाग कसे तोडावेत

व्याख्या सूत्राच्या सुरुवातीला असते किंवा शेवटी, मध्यभागी कधीही नसते. म्हणून सूत्र वाचताना पहिला आणि शेवटचा शब्दसमूह आलटून पालटून झाकावा आणि उरलेल्या भागातून काही घडते का ते पाहावे. एक उदाहरण पाहू:

‘मुलांना शिकवताना मधेच दिसले गोदाकाठचे शहर (३)’

शाळेची सहल किंवा भूगोलाचा तास डोळ्यांपुढे यावा अशी ही रचना आहे आणि हे चित्र प्रथम बाजूला सारावे लागते. ‘गोदाकाठचे शहर’ ही व्याख्या मानली तर तीन अक्षरांची तीन नावे लगेच सुचतात: नाशिक, पैठण आणि नांदेड. तिन्ही खरोखर गोदावरीच्या काठी आहेत, त्यामुळे केवळ अर्थावरून निवड होऊच शकत नाही. आता ‘मुलांना शिकवताना’ हे शब्द अक्षरे म्हणून पाहिले तर मधे सलग ‘ना-शि-क’ सापडते. ‘मधेच दिसले’ ही लपलेल्या शब्दाची खूण आहे. सूत्रातील एकही शब्द शिल्लक राहिला नाही, म्हणून नाशिक हे उत्तर शाईने लिहिता येते.

मराठीत येथे एक खास अडचण येते. आपले नाम प्रत्यय लागताच सामान्यरूपात जाते, आणि सूत्रातील शब्द मूळ रूपात वापरायचा की छापलेल्या रूपात, असा प्रश्न उभा राहतो. माझ्या मते नियम स्पष्ट असावा. अर्थाने वापरायच्या शब्दाचा प्रत्यय काढून मूळ शब्द घ्यावा. अक्षरे म्हणून वापरायचा शब्द मात्र छापला आहे तसाच घ्यावा. ‘कपाटाचे शिर उडाले की उरते पंगतीतले आसन (२)’ या सूत्रात हा नियम थोडा ताणला जातो. मूळ शब्द ‘कपाट’ घेऊन पहिले अक्षर काढले तर ‘पाट’ उरतो. सामान्यरूप घेतले तर ‘पाटा’ उरतो आणि त्यालाही दोनच घरे लागतात. व्याख्येमुळे पाट हे उत्तर ठरते खरे, पण काटेकोर रचनाकार ‘कपाट शिर गमावते’ अशी प्रत्यय टाळणारी रचना करील. सोडवणाऱ्याने दोन्ही रूपे तपासावीत, कारण चांगल्या कोड्यातही अशी सूट घेतलेली आढळते.

शब्दखेळाचे प्रकार ओळखणे

अक्षरांची उलटापालट हा सर्वांत परिचित प्रकार आहे. त्यात अक्षरांचा साठा सूत्रातच समोर दिलेला असतो आणि त्याच्या शेजारी गोंधळ, मोडतोड, हालचाल किंवा वेड सुचवणारा शब्द असतो. ‘वेडेवाकडे सरकत केलेला व्यायाम (४)’ यात ‘सरकत’ ही चार अक्षरे ‘वेडेवाकडे’ मांडली की ‘कसरत’ मिळते. ‘केलेला’ हा जोडणारा शब्द आणि ‘व्यायाम’ ही व्याख्या. साठ्यातील अक्षरांची संख्या कंसातील आकड्याशी जुळते का, हे पाहिल्यावर असे सूत्र पटकन ओळखता येते. मोठ्या कोड्यात प्रवेश करण्यासाठी हीच सूत्रे प्रथम शोधावीत. साठा दोन शब्दांत विभागलेला असेल तर तो अधिक फसवतो. ‘जरा कारण उलटेपालटे करणे हा पुढाऱ्यांचा उद्योग (५)’ या सूत्रात ‘जरा कारण’ ही पाच अक्षरे हलवून ‘राजकारण’ मिळते. नीट पाहिले तर येथे पूर्ण उलटापालटीचीही गरज नाही, कारण ‘जरा’ उलटले की ‘राज’ होते आणि ‘कारण’ जागच्या जागी राहते. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येत असल्याने सूत्र निर्दोष राहते; उकलीत मात्र ‘उलटेपालटे’ या खुणेला पूर्ण न्याय देणारी पहिली वाट मुख्य म्हणून द्यावी.

उलट वाचन हे या प्रकाराचे जवळचे भावंड असले तरी त्याची शिस्त अधिक कडक आहे. वाल्या कोळ्याने ‘मरा मरा’ असा जप करता करता ‘राम राम’ झाले, या कथेमुळे ही युक्ती मराठी माणसाला लहानपणापासून ठाऊक असते. देवनागरीत मात्रा आपल्या अक्षरासोबतच जाते, म्हणून ‘दीन’ उलटला की ‘नदी’ होतो. त्यावरून ‘दीन मागे फिरला की भेटते कृष्णा, उदाहरणार्थ (२)’ असे सूत्र रचता येते. वरवर द्रौपदीचे नाव वाटणारी कृष्णा ही येथे नदी आहे, आणि ती नद्यांपैकी एकच असल्याने ‘उदाहरणार्थ’ हा शब्द न्यायासाठी आवश्यक ठरतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ‘वर चढला’ किंवा ‘खालून आला’ अशा खुणा फक्त उभ्या शब्दांत शोभतात, तर ‘मागे फिरला’, ‘परतला’ या आडव्या शब्दांना साजतात. सूत्र आडवे आहे की उभे, ही माहितीसुद्धा सूत्राचाच भाग आहे.

लपलेल्या शब्दाचे एक उदाहरण वर आले आहे. आणखी एक देतो, कारण त्यात वरवरचा अर्थ आणि आतली रचना यांचा मेळ अधिक सुबक साधला आहे: ‘झुळूक आत शिरूनही दिवा राहिला (२)’. ‘दिवा राहिला’ यात ‘वारा’ खरोखर आत शिरलेला आहे.

जोडणीच्या सूत्रांत उत्तराचे तुकडे वेगवेगळ्या अर्थांनी सुचवून एकापुढे एक ठेवलेले असतात. ‘प्रामाणिक माणसामागे मोटार लावून कर्ज देणारा (४)’ म्हणजे ‘साव’ आणि त्यामागे ‘कार’, अर्थात सावकार. ‘मनापाठोपाठ नारळाचे झाड येते, ते मोठे जंक्शन (४)’ म्हणजे मन आणि माड मिळून मनमाड. अशा सूत्राचा दर्जा जोखण्याची माझी कसोटी अशी, की शब्द त्याच्या व्युत्पत्तीपेक्षा वेगळ्या ठिकाणी तुटला पाहिजे. ‘साखरपुडा’ हा शब्द साखर आणि पुडा असा फोडला तर सोडवणाऱ्याला काहीच शोधावे लागत नाही. उलट हे सूत्र पाहा: ‘उलटलेला साप, यमाचे तोंड आणि देणे मिळून ज्ञानदेवांचे मागणे (५)’. साप उलटून ‘पसा’, यमाचे पहिले अक्षर ‘य’, देणे म्हणजे ‘दान’, आणि उत्तर ‘पसायदान’. मूळ शब्दाचा अर्थ प्रसादाचे दान असा आहे. शब्दखेळाने तो पूर्णपणे वेगळ्या सांध्यांवर मोडला आहे. देणे आणि मागणे समोरासमोर ठेवल्याने वाक्यालाही स्वतःचा ताण मिळतो.

एकाच्या पोटात दुसरे घालण्याच्या प्रकारात गिळणे, वेढणे, पोटात असणे, घरात शिरणे अशा खुणा येतात. ‘बगळ्याने दगडाचा पहिला कण गिळला आणि झाला दुसराच पाणपक्षी (३)’ या सूत्रात बगळा म्हणजे ‘बक’, दगडाचा पहिला कण म्हणजे ‘द’, आणि बकाच्या पोटात द गेला की ‘बदक’. ‘दगडाचे टोक’ असे म्हटले असते तर पहिले अक्षर की शेवटचे हा संशय राहिला असता. ‘तोंड’, ‘डोके’, ‘आरंभ’ हे शब्द पहिल्या अक्षरासाठी, ‘शेपूट’, ‘पाय’, ‘अखेर’ हे शेवटच्यासाठी, आणि ‘हृदय’, ‘गाभा’ हे मधल्यासाठी सामान्यतः वापरले जातात.

अनेकार्थी शब्दांवरची सूत्रे आखूड असतात आणि म्हणूनच अवघड जातात. त्यांत खूण नसते, केवळ दोन किंवा तीन व्याख्या शेजारी ठेवलेल्या असतात. ‘नदीचे असते, नाटकातले असते आणि उमेदवार असावा लागतो (२)’ याचे उत्तर ‘पात्र’. ‘थोडे वार्धक्य (२)’ हे दोन शब्दांचे सूत्र त्याहून कठीण आहे. उत्तर ‘जरा’. थोडे या अर्थाच्या ‘जरा’मधील ज दंततालव्य (‘जागा’मधल्यासारखा) आहे, म्हातारपण या अर्थाच्या ‘जरा’मधील ज तालव्य (‘जीव’मधल्यासारखा) आहे, आणि लिखाणात दोन्ही एकच दिसतात. इंग्रजीत भरपूर वापरली जाणारी समध्वनी शब्दांची युक्ती मराठीत फारशी चालत नाही, कारण आपण बहुतेक शब्द उच्चाराबरहुकूम लिहितो. मात्र च, ज, झ यांच्या दुहेरी उच्चारांमुळे लेखन एक आणि उच्चार दोन अशी उलटी सोय मराठीला मिळाली आहे. ती रचनाकारांनी अधिक वापरावी असे मला मनापासून वाटते.

सर्वांत दुर्मीळ प्रकार म्हणजे संपूर्ण सूत्र एकाच वेळी व्याख्याही असते आणि शब्दखेळही. ‘पाण्याची सुरुवात आणि मागाहून ऊस (३)’ हे त्याचे उदाहरण. ‘पा’ आणि त्यामागे ‘ऊस’ म्हणजे ‘पाऊस’. शिवाय शेतात घडतेही तसेच, आधी पाणी येते आणि मागाहून ऊस उभा राहतो. असे सूत्र सोडवताना व्याख्या वेगळी काढण्याचा प्रयत्न फसतो, कारण तोडण्यासारखा सांधाच नसतो. दोन्ही टोके झाकून पाहूनही काही निष्पन्न झाले नाही तर या शक्यतेचा विचार करावा.

मोठ्या चौकटीत शिरताना

पहिल्या वाचनात काहीही लिहू नये. सर्व सूत्रे एकदा सलग वाचावीत आणि समासात केवळ खुणा कराव्यात: उलटापालटीचा संशय, लपलेल्या शब्दाचा संशय, विशेषनाम, म्हण. पंधरा घरे लांब आणि पंधरा रुंद अशी चौकट असेल तर एकूण २२५ घरे होतात. लंडनच्या ‘टाइम्स’मधील जंबो कोड्याची २३ बाय २३ची चौकट ५२९ घरांची असते. एवढ्या विस्तारात पहिल्या क्रमांकापासून क्रमाने सोडवत जाणे निष्फळ ठरते. जेथे दोन-तीन संशयित सोपी सूत्रे एकमेकांना छेदतात, असा कोपरा शोधून तेथून आरंभ करावा.

एक कोपरा उभा राहिला की सामाईक अक्षरे कामाला लागतात, आणि येथे मराठी चौकट सोडवणाऱ्याला उदार हाताने मदत करते. इंग्रजी चौकटीत सामाईक घर सव्वीस अक्षरांपैकी एक अक्षर सांगते. मराठी सामाईक घर व्यंजन, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर यांच्या शेकडो शक्यतांमधून एक नेमके अक्षर सांगते. समजा ‘राजकारण’ आडवे बसले आणि त्यातील ‘का’ हे चार अक्षरी उभ्या शब्दाचे तिसरे घर आहे. सरकार, सावकार, सहकार, कलाकार अशी मोजकीच नावे समोर येतात आणि ‘कर्ज देणारा’ या व्याख्येने सावकार वेगळा पडतो. मात्रेकडे दुर्लक्ष करून केवळ व्यंजनावर शब्द शोधणे ही नवशिक्यांची सर्वसाधारण सवय असते. ती लवकर मोडावी, कारण ‘का’ आणि ‘की’ यांनी सुरू होणारे शब्द संपूर्णपणे वेगळ्या कुळातले असतात.

लांब म्हणींकडे दुसऱ्या फेरीत वळावे. त्यांचे शब्दखेळ बहुधा गुंतागुंतीचे असतात, पण तीन-चार सामाईक अक्षरे आणि शब्दसीमांचे आकडे हाती आले की म्हण ओळखीने सुटते, आणि शब्दखेळ मागाहून उलगडता येतो. (३,३,३,३) या जागेत चौथे घर ‘ये’ आणि अकरावे ‘क’ मिळाले, तर अंगण वाकडे असल्याचे कळायला वेळ लागत नाही. अशी एक म्हण चौकटीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते आणि चौकटीच्या नव्या भागात पाऊल ठेवायला अक्षरे देते. याच कारणासाठी ती शेवटपर्यंत राखून ठेवू नये.

काम अडले की सूत्र मोठ्याने वाचावे आणि वाचताना विराम मुद्दाम चुकीच्या जागी घ्यावा. रचनाकाराने विरामचिन्हे वाचकाच्या दिशाभुलीसाठी ठेवलेली असतात. त्यांना शब्दखेळात सहसा अधिकार नसतो. त्याचप्रमाणे क्रियापद आज्ञार्थी आहे की नाम, विशेषण कोणाचे आहे, ‘वर’ म्हणजे नवरा की आशीर्वाद की दिशा, ‘कर’ म्हणजे हात की सारा, ‘मान’ म्हणजे गळा की आदर, हे प्रश्न एकेका शब्दाला विचारावेत. तरीही उलगडत नसेल तर कोडे काही तास बाजूला ठेवणे हा कामाचाच भाग आहे.

सुचलेल्या उत्तराची तपासणी

मोठ्या चौकटीतील बहुतेक नुकसान अर्धवट पटलेल्या उत्तरांमुळे होते. हे सूत्र घ्या: ‘तमाशात बऱ्याचदा लागते सुरुवातीला, ते वाद्य (३)’. कोणाही मराठी वाचकाच्या ओठांवर ‘ढोलकी’ येईल. अक्षरे तीन आहेत, व्याख्या वाद्याची आहे, तमाशाशी नाते आहे. पण ‘सुरुवातीला’ या शब्दाचे काय काम आहे, असे विचारले की ढोलकीकडे उत्तर नसते. ‘सुरुवातीला’ ही अग्राक्षरांची खूण आहे: तमाशात, बऱ्याचदा, लागते या तीन शब्दांची पहिली अक्षरे त, ब, ला, उत्तर ‘तबला’. ढोलकी शाईने लिहिली असती तर तिसऱ्या घरातील ‘की’मुळे त्या घरातून उभा जाणारा ‘कलाकार’ कधीच सुटला नसता, आणि दोष मात्र कलाकाराच्या सूत्राला दिला गेला असता.

म्हणून प्रत्येक उत्तरासाठी तीन प्रश्न विचारावेत. व्याख्या आणि उत्तर व्याकरणाने जुळतात का, म्हणजे नामाला नाम, विशेषणाला विशेषण, एकवचनाला एकवचन आहे का? शब्दखेळातून नेमकी तेवढीच अक्षरे, त्याच मात्रांसह मिळतात का? सूत्रात एखादा शब्द बेकार उरतो का? तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील तर शाई, अन्यथा पेन्सिल. पेन्सिलीतील उत्तराच्या कोपऱ्यात लहान टिंब देण्याची सवय उपयोगी पडते, कारण पुढे गोंधळ झाल्यावर प्रथम कोणती अक्षरे पुसायची ते डोळ्यांना दिसते.

उकल लिहिणे

उकल दुसऱ्यासाठी लिहिलेली असते: ज्याला उत्तर माहीत आहे पण का ते कळत नाही, अशा वाचकासाठी. तिचा क्रम ठरलेला असावा. प्रथम क्रमांक आणि सूत्र पूर्ण लिहावे, व्याख्येच्या शब्दांखाली रेघ द्यावी. पुढे उत्तर, आणि त्यानंतर शब्दखेळाची फोड अशी लिहावी की प्रत्येक अक्षर कोठून आले ते दिसेल. बदकाच्या सूत्राची उकल अशी होईल: व्याख्या ‘दुसराच पाणपक्षी’. ‘बक’ (बगळा) याच्या पोटात ‘द’ (‘दगड’ या शब्दाचे पहिले अक्षर, सूत्रात ‘पहिला कण’). ‘गिळला’ ही आत घालण्याची खूण. ‘आणि झाला’ हे जोडणारे शब्द. पसायदानाच्या उकलीत ‘पसा’, ‘य’ आणि ‘दान’ हे तुकडे अधिक चिन्हाने जोडावेत आणि ‘पसा’पुढे ‘साप, उलट’ असे लिहावे. जेथे बाहेरची माहिती लागते तेथे एक वाक्य अधिक द्यावे. पसायदान ज्ञानेश्वरीच्या शेवटी येते आणि त्यात ज्ञानदेव विश्वात्मक देवाकडे मागणे मागतात, हे प्रत्येक वाचकाला ठाऊक असेलच असे नाही, विशेषतः परदेशात वाढलेल्या मराठी वाचकाला.

चिन्हे थोडी आणि ठाम ठेवावीत. जोडणीसाठी अधिक, पोटात घातलेल्या तुकड्यासाठी कंस, काढून टाकलेल्या अक्षरावर आडवी रेघ, उलटापालटीच्या साठ्यासाठी तारांकन, एवढी पुरेशी आहेत. बदकासाठी ब(द)क असे एका दृष्टीत कळणारे लेखन शब्दांतील स्पष्टीकरणासोबत द्यावे, त्याच्याऐवजी देऊ नये. नुसती चिन्हे जाणकारांना पुरतात, परंतु उकल त्यांच्यासाठी नसतेच.

ज्यांना पूर्ण उत्तर नको, केवळ पुढचे पाऊल हवे, त्यांच्यासाठी उकलीआधी पायरीपायरीने इशारे देता येतात. पहिल्या इशाऱ्यात व्याख्या कोणत्या टोकाला आहे एवढेच सांगावे, दुसऱ्यात शब्दखेळाचा प्रकार, तिसऱ्यात एक तुकडा. तबल्याच्या सूत्रासाठी ‘तमाशाकडे पाहू नका, तमाशा या शब्दाकडे पाहा’ हा इशारा उत्तर न फोडता पुरेसे सांगतो.

कोशांचा आधार कोठे घ्यावा आणि कोठे जपून, हेही उकलीत दिसले पाहिजे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात खंडशः निघालेला महाराष्ट्र शब्दकोश, हे दोन्ही जुन्या आणि बोलीतील अर्थांसाठी अमूल्य आहेत. परंतु दोन्ही आजच्या लेखननियमांआधीचे आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२मध्ये शासनमान्य झाले आणि त्यांनी उच्चारात नसलेले जुने अनुस्वार लेखनातून काढले, त्यामुळे कोशातील ‘नांव’ किंवा ‘कांहीं’ आजच्या चौकटीत तसेच बसवले तर सामाईक घर चुकते. अर्थ जुन्या कोशातून घ्यावा, लेखन आजच्या नियमांप्रमाणे ठेवावे आणि दुर्मीळ अर्थ वापरला असेल तर कोणत्या कोशात तो आहे ते उकलीत नोंदवावे.

सूत्रावर टीका करायची असेल तर ती हिशेबाच्या भाषेत करावी. ‘सूत्र आवडले नाही’ यातून रचनाकाराला काही कळत नाही. ‘टोक या शब्दाने पहिले आणि शेवटचे अशी दोन्ही अक्षरे सुचतात’ किंवा ‘व्याख्या सप्तमीत आहे आणि उत्तर प्रथमेत’ यातून कळते. त्याच काटेकोरपणे सुंदर सूत्राचे सौंदर्यही सांगावे. पावसाच्या सूत्रात एकही शब्द दोन्ही कामांतून सुटलेला नाही, हे वाक्य उकलीत लिहिले नाही तर बहुतेक वाचक त्यावरून पुढे निघून जातील.

चौकट पूर्ण भरल्यावरही एखाद्या सूत्रातील एखादा शब्द कोठेच बसत नाही, असे घडते. उत्तर सामाईक अक्षरांनी ठरलेले असते, पण शब्दखेळ उलगडलेला नसतो. अशा वेळी ओढूनताणून रचलेले स्पष्टीकरण लिहू नये. ‘उत्तर अक्षरांवरून निश्चित, सूत्रातील अमुक शब्दाचा उलगडा झाला नाही’ अशी नोंद करावी आणि सूत्र दुसऱ्या सोडवणाऱ्यापुढे उत्तरासह ठेवावे. दुसऱ्या दिवशी आपली संपूर्ण उकल उत्तरे झाकून पुन्हा वाचावी. ज्या नोंदीवरून झाकलेला शब्द अक्षर न अक्षर परत मिळत नाही, ती नोंद अपुरी समजून पुन्हा लिहावी.